एक वीत चार बोटांचा उंबरठा

हे मी डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वेडंवाकडं आहे, पण उजवा हात आता मांडीवर पडून राहतो आणि त्याला खाज आली तरी डाव्यालाच धावावं लागतं. आमच्या खापर गावच्या शाळामास्तरांनी पाटी आणून दिली, तिच्यावर सहा महिने मुळाक्षरं गिरवली. मास्तर म्हणाले, लिहिता येऊ लागलंय तर जे झालं ते लिहून काढा, दुसऱ्या कुणाला लकवा झाला तर उपयोगी पडेल.

मला वाटतं पडेल. कारण लकवा झालेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येकजण औषध सांगतो. कुणी लसणाचं तेल सांगतो, कुणी पारव्याचं रक्त चोळायला सांगतो. माझ्यासाठी सात पारवे मेले. पण दवाखान्यातून घरी आणल्यावर दारातच काय होतं, हे मला एकानेही सांगितलं नाही.

मी नारायण सुतार. या मुलुखात नाराण मिस्तरी म्हणून ओळखतात. चाळीस वर्षं सागाचं काम केलं. दारं, चौकटी, खांब, तुळया. पण नाव झालं ते उंबरठ्यामुळे. पाच कोसांत कुणाचं घर उभं राहिलं की उंबरठा नाराण मिस्तरीचाच हवा. जितकं मोठं घराणं तितका उंच उंबरठा, अशी इथली रीत. ती रीत मी पाडली नाही, पण तिला चार बोटं मी चढवली, हे मात्र खरं.

हातातून वाकस पडला तो दिवस

अक्कलकुव्याला एका दुकानाची फळी तासत होतो. सकाळची वेळ, नुकताच चहा झालेला. हातातला वाकस, लाकूड तासायचं हत्यार, खाली पडला. वाटलं, तळव्याला घाम आला असेल. उचलायला गेलो तर हात दुसऱ्याचा असल्यासारखा. "पुना" अशी मुलाला हाक मारायची होती, तोंडातून नुसतं "ऊ ऊ" निघालं. पुना म्हणजे माझा मुलगा पुंडलिक. तोही सुतार, माझ्याच हाताखाली शिकलेला. त्याला वाटलं मी कुणाची तरी नक्कल करतोय, आणि तो हसला. त्याच्या हसण्याचा मला अजून राग येतो. तो बिचारा काय करणार, मी रोजच कुणाची ना कुणाची नक्कल करायचो.

मग मी फळीवरून कलंडलो आणि तो हसायचा थांबला.

बैलगाडीत घालून मला दवाखान्यात नेलं. दोन दिवसांचा रस्ता, तापी ओलांडायची. गाडीत बायको तुळसा माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तोंडातून लाळ गळायची, ती पदराने पुसायची. मला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. बोलता मात्र एक शब्द येत नव्हता. गाडीवान पुनाला विचारत होता, "डोकरा वाची का?" मी तिथेच, त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर पडलेलो. माणूस बोलेनासा झाला की लोक त्याला बहिराही समजतात, हे त्या रस्त्यावर शिकलो.

दवाखाना

डॉक्टर चांगले होते. थोडं बोलायचे. म्हणाले, "डोक्यात रक्त अडकलंय. पहिल्या तीन महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं आपलं. पुढचं देवाचं." तुळसाने त्यांचे पाय धरले, त्यांनी पाय मागे घेतले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

पहाटे फरशी धुवायचे. मग पेज. मग एक माणूस येऊन माझा मेलेला हात वर-खाली करायचा. मी भीतीने रडायचो. हसू आलं तरी रडूच यायचं, तो या रोगाचाच एक भाग आहे म्हणे. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा एका सकाळी दिसला नाही आणि त्याची खाट संध्याकाळच्या आत भरली. मला वाटलं, पुढची पाळी माझी. देवाला म्हटलं, ने, पण इथे नको, घरी ने. मागताना शब्द जरा जपून वापरायला हवे होते.

दवाखान्यात खंडू नावाचा नोकर होता. त्याने मला एक पाट दिला. खाली चिंध्या ठोकलेल्या. पाटाचा सांधा इतका भिकार होता की माझ्या हाताखालच्या पोराने तो केला असता तर मी तो त्याच्याच डोक्यात घातला असता. पण त्या पाटावर बसून, डाव्या हाताने आणि डाव्या पायाने रेटा देत मी फरशीवर सरकू लागलो. तिथे कुठल्याच दाराला उंबरठा नव्हता. खाटा ढकलत न्यायच्या असतात म्हणून. पंधराव्या दिवशी मी एकटा, कुणाला हाक न मारता, संडासापर्यंत गेलो आणि परत आलो.

ज्याला हे कधी करावं लागलं नाही त्याला हसू येईल. मी त्या दिवशी खंडूचा हात धरून ढसाढसा रडलो, आणि या खेपेला ते रडू खरं होतं. दीड महिन्याने जीभ थोडी वळली. पहिला शब्द आला तो "पाट". घरी निघताना तो पाट मी मागून घेतला.

घरचं दार

गाडी आमच्या गल्लीत आली. लोक जमले. पुना आणि शेजारचा शंकर यांनी मला उचलून ओट्यावर ठेवलं. आमचा ओटा बुटका, एका पायरीचा. मी म्हटलं, सोडा. पाट मागवला, त्यावर बसलो आणि सगळ्या गल्लीला दाखवायचं म्हणून जोरात रेटा दिला. पाट जाऊन उंबरठ्यावर आपटला.

आमच्या घराचा उंबरठा एक वीत चार बोटं उंच. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मीच बसवलेला. अख्ख्या सागाचा, मधोमध कमळ, दोन्ही बाजूंना वेल. लांबलांबचे लोक तो बघायला यायचे. मी त्याच्याकडे सदतीस वर्षं वरून पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा समोरासमोर पाहिला. माझ्या छातीशी आला.

मला उचलून आत नेलं आणि तिथेच ठेवलं.

त्यानंतर दिवसातून दोनदा बाहेर. सकाळी पुना आणि शंकर उचलून नेत, संध्याकाळी पुन्हा. मधल्या वेळी मडकं. पहिला महिना शंकर हाकेसरशी यायचा. दुसऱ्या महिन्यात भाकरी खाऊन यायचा. तिसऱ्यात त्याच्या बायकोने सांगितलं, त्यांची कंबर दुखते. पुना कामावर गेला की सून आणि तुळसा मिळून ओढत. एकदा सुनेच्या हातून सुटलो आणि धोतर सुटलेल्या अवस्थेत उंबरठ्यावर आडवा पडलो. सून तोंड फिरवून उभी राहिली. त्या पोरीचं काय चुकलं? पण मी तिला आईवरून शिवी दिली. जिभेवर नीट यायला लागले होते ते शब्द हेच.

घरी ओटा दोन हातांवर. ओट्यापलीकडे गल्ली. बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं तिथून जातात, पाण्याला बाया जातात, चावडीवर जाणारे टेकून बसतात आणि पान खातात. माझे सगळे बोलणेवाले त्याच ओट्यावर. मी आतून त्यांची डोकी पाहायचो. पहिले पंधरा दिवस ते वाकून विचारायचे, "काय मिस्तरी, कसं शे?" मग विचारायचे थांबले. ओट्यावर बसून माझ्याविषयीच बोलायचे.

मी काही राजवाडा मागत नव्हतो. माझ्या पाटाएवढा, दीड हात रुंद तुकडा त्या उंबरठ्यातून काढायचा, इतकंच. मग मी माझा माझा ओट्यावर जाऊन बसेन, माणसांत राहीन. एका सकाळी पुनाला तसं सांगितलं.

त्याने उंबरठ्याच्या कमळावरून हात फिरवला. मग म्हणाला, "बा, तूच सांगस ना समदास्ले. उंबरठा कापनं म्हंजे घरनं नाक कापनं."

तो टोमणा नव्हता. बापाने शिकवलेल्या गोष्टीची बापाला आठवण करून द्यावी तसं बोलला. मग आणखी म्हणाला, "आनि सुतारनाच घरना उंबरठा काप्या ते माले काम कोन देई? लोके काय म्हनतीन?"

मी पाट भिंतीकडे वळवला.

गोमाबाई

नाक कापण्याचं ते वाक्य माझंच. कधी बोललो, कुठे बोललो, सगळं आठवतं.

इथून कोसभरावर दगा पाटलांचं घर आहे. जमीन मोठी, घर मोठं. त्यांच्या ओसरीवर मी खांब बसवत होतो. दगा पाटलांची आई गोमाबाई मांडीचं हाड मोडून बसलेली. उंबरठ्याच्या आत पोतं टाकून तिला बसवायचे. तो उंबरठाही माझाच, आमच्यापेक्षा दोन बोटं जास्त उंच. मी जेवायला हात धुतले तेव्हा ती आतून म्हणाली, "मिस्तरी, वाकस शे ना तुन्हाजोडे? दोन घाव घाल. माले फक्त वट्टावर बसनं शे."

ओसरीवर पाचसहा जण होते. मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "माय, उंबरठा कापनं म्हंजे घरनं नाक कापनं." सगळे खळखळून हसले. दगा पाटील सगळ्यात जास्त. गोमाबाईही हसली, म्हणजे तोंड तसं केलं तिने. मला चेव आला. लक्ष्मी कशी उंबरठा मोजून घरात येते, त्यावर आणखी घटकाभर बोललो. ते वाक्य पुढे गावोगाव गेलं. लोक माझ्याच समोर मला ऐकवायचे आणि मी मान डोलवायचो.

गोमाबाई त्यानंतर पाच वर्षं जगली. त्या पाच वर्षांत ओट्यावर आली ती एकदाच, तिरडीवर ठेवायला.

पुना कामावर गेल्यावर मी त्या दिवशी उंबरठ्याकडे बघत बसलो आणि मला स्वतःची किळस आली.

बिनसुताराचं घर

जालमा माझा जुना सोबती. मोलगीकडच्या एका पाड्यावरचा. जंगलखात्याच्या परवानगीचे ओंडके चिरायला वीस वर्षं आम्ही एकाच करवतीला होतो. तो खाली, मी वर. भुसा त्याच्या डोळ्यांत, ऐट माझी. घरी तो आपली बोली बोलतो, माझ्याशी मोडकीतोडकी अहिराणी.

बाजाराला आला तेव्हा भेटायला आला. उंबरठा ओलांडून आत आला आणि मी त्या वेळी नेमका मडक्यावर होतो. दुसरा कुणी असता तर मागे फिरला असता. जालमा समोर उकिडवा बसला, माझं होईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "मिस्तरी, तू गाठोडं व्हयी गया. चाल मन्हा घर. तठे उंबरठा नही."

तुळसा म्हणाली, जा. पुनाला पटत नव्हतं, पण दिवसातून दोनदा उचलायचं सुटणार होतं. तो नको म्हणाला आणि गाडी जुंपली.

पायथ्यापर्यंत गाडी, पुढे झोळी. चार माणसं पाळीपाळीने. पाड्यावर पोहोचलो त्याच्या तिसऱ्या दिवशी जालमाने लाह घातली. लाह म्हणजे ज्याच्याकडे मोठं काम त्याच्याकडे सगळा पाडा येतो, दिवसभर राबतो आणि संध्याकाळी त्याच्याकडे जेवतो. मजुरी नाही. सकाळी उघडं रान होतं, संध्याकाळी त्यावर माझी झोपडी होती. सागाचे खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, वर गवत. सारवलेली जमीन आतून थेट बाहेर, एका पातळीत.

खांबांना ना खाच ना सांधा, नुसते सालीने बांधलेले. मी म्हटलं, वाऱ्याने जाईल. जालमा म्हणाला, गेली तर पुन्हा बांधू.

जालमाचा बाप आंधळा. त्याच्या झोपडीच्या खांबापासून झऱ्यापर्यंत आणि तिथून झाडीपर्यंत कमरेएवढ्या उंचीवर दोर बांधलेला होता. म्हातारा दोर धरून फिरायचा, कुणाला विचारायचा नाही. जालमाने त्या दोराला माझ्या दारापासून एक फाटा जोडला. दीड महिन्यात मी पाट सोडला. डाव्या हाताने दोर धरून, उजवा पाय ओढत, उभ्याने चालू लागलो. आंधळा समोरून आला की आम्ही दोघं अडायचो, कारण दोर सोडायला दोघेही तयार नसायचो. मग तो काहीतरी शिवी घालायचा आणि दोराखालून वाकून जायचा.

तिथे स्वर्ग होता असं कुणी समजू नये. विंचू होते. मक्याची भाकर घशाखाली उतरायची नाही. जालमाच्या बायकोला आणखी एक तोंड नको होतं आणि ते ती मला कळेल इतक्या मोठ्याने सांगायची. आठव्या दिवशी जालमाने करवत माझ्यापुढे टाकली. "बसीसन खाशी का? दात लाव." दात घासायला एका हाताने कानस धरायची, करवत पायाने दाबायची. पहिल्या करवतीला तीन दिवस लागले. मग पाड्यावरच्या करवती, कुऱ्हाडी, विळे येऊ लागले. माणसं येऊन बसायची, त्यांच्या बोलीतलं मला अर्धं कळायचं, माझं त्यांना पाव. पण माझ्यासमोर बसून माझ्याविषयी कुणी बोललं नाही, माझ्याशी बोलले.

जिथे कधी सुतार पोचला नाही त्या घरात मी माणूस झालो. चाळीस वर्षं केलेल्या कामाची किंमत मला अशी कळली.

मागचं दार

होळीच्या आधी पुना न्यायला आला. गल्लीत बोलणं सुरू झालं होतं, पुनाने बाप डोंगरात टाकला म्हणून. म्हणजे पुन्हा नाकच.

मी म्हटलं, उंबरठा कापशील तर येतो.

तो म्हणाला, "बा, तुन्ही सोय करी ठेयेल शे. आते कोनी तुले उचलानं नही."

त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. मी विश्वास ठेवला. तुळसाची आठवणही येत होती, तेही खरं.

घरी आलो. पुढचा उंबरठा होता तसाच, वर ताजं हळदकुंकू. पुना मला उचलून आत घेऊन गेला आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे त्याने भिंत फोडून नवीन दार काढलं होतं. उंबरठा नाही. दगडी लादी आतून बाहेर सरळ गेलेली, बाहेर धरायला सागाचा कठडा, रंधा मारून गुळगुळीत केलेला. काम इतकं चोख की मला खोड काढता येईना. पोराने तीन आठवडे आपलं काम सोडून ते केलं होतं.

घरात धरायला दोर नव्हता आणि उजवा पाय उचलत नव्हता, म्हणून मी पुन्हा पाटावर बसून बाहेर गेलो. समोर उकिरडा. डावीकडे गोठ्याची भिंत, उजवीकडे कुंपणाला लावलेल्या काटेरी थोराची रांग. तिथून कोणी जात नाही. कुत्रं येतं.

पुना मागे उभा होता. "जमनं ना, बा?"

मी म्हटलं, जमलं. दुसरं काय म्हणणार? त्याने माझी सोय केली होती आणि घराचं नाकही राखलं होतं. मी मडक्यावरून सुटलो होतो. माणसांतूनही सुटलो होतो. दोन महिने मी त्या उकिरड्यासमोर बसलो, आणि आजाराच्या साऱ्या काळात मरावंसं खरं वाटलं ते तिथे. दवाखान्यातही वाटलं नव्हतं.

तुळसा

तुळसा फार बोलत नाही. लग्न होऊन आली त्याला चाळीस वर्षं झाली. तिसऱ्या वर्षापासून ती रोज सकाळी त्या उंबरठ्यावर पाणी घालते, हळदकुंकू वाहते, दोन फुलं ठेवते. म्हणून कापण्याविषयी तिला मी कधी विचारलंच नव्हतं.

वैशाखात पुना दोन दिवसांच्या कामाला अक्कलकुव्याला गेला. सून माहेरी. दुपारी तुळसा मागच्या दारी भाकरी घेऊन आली. मी ताट सरकवलं. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग आत गेली आणि परत आली ती ओंडक्यांची करवत घेऊन. दोन मुठींची, जालमाबरोबरची.

"चाल," म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, तू त्यानी पूजा करस."

"करस ना. म्हनीसन तं मन्हा हक शे. पुनाना नही, तुन्हाबी नही. धर."

आम्ही उंबरठ्याशी बसलो, मी आत, ती बाहेर. तिने आधी त्याला नमस्कार केला. मग मूठ धरली. तिला करवत ओढता येत नव्हती, ढकलायची. मी ओरडलो, ढकलू नको, नुसती ओढ, माझ्या ओढीला सैल सोड. ती म्हणाली, ओरडू नको. सागाचा वास सुटला. चाळीसेक वर्षांपूर्वी तोडलेलं झाड असेल, वास ताजा होता. गल्लीतल्या दोघी-तिघी घागरी घेऊन थांबल्या आणि तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. दोन काप दिले, मधलं पटाशीने फोडलं, पटाशी तिने धरली, ठोकलं मी. डाव्या हाताने, वाकडंतिकडं. ऊन कलल्यावर कमळाचा तुकडा निघून ओट्यावर पडला.

तुळसाने तो उचलून देवघरात ठेवला. पूजा अजून चालू आहे, जागा बदलली इतकंच.

मी पाटावर बसलो आणि ओट्यावर गेलो. मग शंकर आला, टेकला, पानाचा डबा काढला आणि अर्धं पान माझ्यापुढे धरलं.

दुसऱ्या संध्याकाळी पुना आला. दारात थांबला. पाहिलं. मग पाय उंच उचलून, जो उंबरठा उरला नव्हता तो ओलांडून आत गेला. आमच्या घरातले सगळे अजून तसेच पाय उचलतात.

आत जाऊन तो एवढंच म्हणाला, "आते माले काम कोन देई?"

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना

लकवा झालेल्या माणसाला घरी आणण्याआधी आपल्या दाराचा उंबरठा मोजा. पारवे मारू नका. त्याच्यासाठी दार काढायचं तर ते माणसांच्या बाजूला काढा. मागच्या दाराने पोटाचं भागतं, म्हणून तेही असू द्या. पण माणूस पुढच्या दाराने जगतो. मला एवढंच सांगायचं होतं आणि ते कळायला माझं अर्धं अंग गेलं.

दगा पाटलांकडे

पुनाची भीती खोटी नव्हती. दोन घरांनी निरोप पाठवले, तूर्तास काम राहू द्या. त्यांतलं एक घर दगा पाटलांचं. म्हणून मी शंकरची गाडी घेऊन स्वतः गेलो.

त्यांच्या ओट्याला पाच पायऱ्या, मी गाडीतच बसलो. पाटील बाहेर आले. खूप म्हातारे झालेत, हातात काठी. मी गाडीतूनच त्यांचा उंबरठा पाहत होतो. उजवीकडे, जिथे गोमाबाईचं पोतं असायचं, तिथे लाकूड घासून खोलगट झालं होतं. पाच वर्षं मनगटं टेकून ती बाहेर बघत होती. सागाला अशी झीज सहजी येत नाही.

मी म्हटलं, "पाटील, माझं चुकलं होतं. आईने मागितलं तेव्हा कापायला हवा होता. पुनाला दुसरं काम देऊ नका हवं तर, पण हा तेवढा कापू द्या. मी बसून सांगतो, पुना कापेल."

पाटील हसले. रागावले नाहीत, मोकळेपणाने हसले. "मिस्तरी, तुन्हाच बोल शे ना तो? उंबरठा कापनं म्हंजे घरनं नाक कापनं. आम्ही तोच धरी बठेल शेतस."

शंकरही हसला. पाटील चहा घ्या म्हणाले, मी नको म्हटलं. गाडी वळली.

मी मागे पाहिलं. पाटील हसत हसतच दाराशी पोचले होते. त्यांनी काठी भिंतीला लावली, एका हाताने चौकट धरली, दुसरा हात स्वतःच्या गुडघ्याखाली घातला आणि पाय उचलून उंबरठ्यापलीकडे ठेवला. मग दुसरा. चौकट मी बसवलेली होती, जरासुद्धा हलली नाही.